शून्याच्या खाली

"डबो वाजलो गो काल," जया मावशी म्हणाली आणि सुगंधाच्या ताटात आणखी एक बांगडा सरकवला. "सगळी बिल्डिंग जिन्यान खाली. मी कढई शेगडीवर तशीच सोडून धावलंय."

"मग?"

"मगे काय. आमी खाली पोचलव न पोचलव, तो गप. लोक म्हणाक लागले, गॅस गेलो, चला वर. इलव वर. कढईचो कोळसो."

सुगंधा हसली. हसता हसता थांबली. "गप्प झाला म्हणजे? कुणी बंद केला?"

"कोण बंद करतलो? त्येका बटन खंय आसा? आपणच गप झालो. शाणो आसा तुझो डबो."

"आणि वास?"

"वास होतो. पण हंयसर वास कधी नसता? जेव तू."

सुगंधानं घास तोंडात तसाच धरला. मावशीला वाटलं काटा अडकला. तिनं भाताचा सुका गोळा करून दिला.

माहुलच्या त्या वसाहतीत वास म्हणजे घरचाच माणूस. एका बाजूला तेलाच्या टाक्या, दुसऱ्या बाजूला खाडी, मध्ये या इमारती, एकमेकींच्या अंगावर रेललेल्या. मावशी सुगंधाच्या आईची थोरली बहीण, कुडाळकडची. नवऱ्याची गिरणी बुडाली, मग ही दोघं घाटकोपरला पाइपलाइनच्या कडेला झोपडी बांधून राहिली. ती झोपडी सरकारनं तोडली आणि बदल्यात ही पाचव्या मजल्यावरची खोली दिली. खोली पक्की. नळ आत, संडास आत. फक्त श्वास घ्यायची पंचाईत. कोण राहील अशा ठिकाणी, असं कुणी विचारतं तेव्हा उत्तर सोपं असतं: ज्यांना विचारलं नाही ते.

पूर्वी इथले लोक नाकावर चालायचे. वास बदलला, डोळे चुरचुरले की एखादी बाई जिन्यातून ओरडायची आणि अख्खी इमारत उतरायची. दहातल्या नऊ वेळा उगाच. म्हातारी माणसं जिन्यात पडायची, कुणाचं दूध उतू जायचं, शिव्या व्हायच्या. म्हणून डबे आले. प्रत्येक मजल्याच्या वळणावर एक पांढरा डबा, त्यावर हिरवा दिवा. 'त्राण' नावाच्या कंपनीनं ते फुकट बसवले, प्रयोग म्हणून. आणि ही वसाहत कंपनीला सुगंधानंच सुचवली होती.

कारण डब्यातला प्रोग्राम तिच्या भाषेत लिहिलेला होता. पवईच्या संस्थेत ती पीएचडी करत होती. विषय: कॉम्प्युटरसाठी नवी भाषा घडवणं. तिनं घडवलेल्या भाषेचं नाव राखण. गावच्या वेशीवरचा राखणदार कसा वाकड्या नजरेच्या माणसाला आत येऊ देत नाही, तशी ही भाषा धोक्याचा प्रोग्राम चालूच देत नाही. आधी सिद्ध कर, मग चाल. डब्यासाठी सिद्ध केलेलं प्रमेय एका वाक्याचं होतं: हवेतला गॅस मर्यादेला पोचला किंवा पुढे गेला, तर भोंगा वाजेलच. डबे लावले त्या दिवशी वसाहतीच्या अंगणात उभं राहून सुगंधानं ते लोकांना त्यांच्या भाषेत सांगितलं होतं. "हा गप्प असेल तर वर गॅस नाही. हे माझं मत नाही, गणित आहे."

लोकांनी ऐकलं. नाकं बंद केली, खिडक्या उघडल्या आणि झोपायला लागले.

आणि आता मावशी सांगत होती की तो वाजला, मग कुणी हात न लावता गप्प झाला, आणि वास तसाच होता.

"कंपनीला कळवलं?"

"सेक्रेटरी चंद्रप्रकाशान केलो फोन. ते म्हणाले, कोणीतरी उदबत्ती लावल्यान असतली. मी लावतंय गो उदबत्ती, पण सकाळी. तो वाजलो दुपारी."

जेवण तसंच टाकून सुगंधा निघाली. जिना उतरताना प्रत्येक मजल्यावर तो हिरवा दिवा तिच्याकडे बघत होता. एका डब्याला कुणीतरी हळदकुंकू वाहिलं होतं.

*

सोमवारी सकाळी लॅब उघडायच्या आधीच ती दारात. चावी घेऊन सौरभ आला. तो तिच्याच सरांचा, नंदकुमार सरांचा विद्यार्थी, तिच्या दोन वर्षं मागे. मुलुंडहून बाइकवर येतो आणि आल्याआल्या कुणाची तरी थट्टा करतो.

"काय गं, व्हायवा गुरुवारी आहे. आजपासून लाइन लावलीस?"

"दार उघड."

"कोण मेलं?"

"दार उघड ना यार."

कपाटात एक जादा डबा होता. तिनं तो टेबलावर ठेवला, त्याचं नाक, म्हणजे गॅस हुंगणारा सेन्सर, काढलं आणि त्या जागी लॅपटॉपची वायर जोडली. आता गॅसचा आकडा ती हातानं देणार होती. तिनं शून्यापासून हळूहळू चढवायला सुरुवात केली. आकडा मर्यादेला टेकला आणि भोंगा असा वाजला की शेजारच्या लॅबमधून कुणीतरी शिवी हासडली.

"वाजतोय की झकास," सौरभ कान झाकून म्हणाला. "बंद कर."

"थांब." तिनं आकडा फक्त एकानं वाढवला.

भोंगा बंद.

सौरभनं कानावरचे हात काढले. तिनं आणखी वाढवला. दुप्पट केला. चौपट केला. त्या आकड्याला जिन्यातला माणूस पायरी शोधता शोधता आडवा होतो. डब्याचा हिरवा दिवा लुकलुकत होता. सगळं ठीक आहे, सगळं ठीक आहे.

मग तिनं डबा बंद करून परत चालू केला आणि आकडा शून्यावरून एका उडीत मर्यादेच्या पार नेला. मोठा पाइप फुटल्यावर होईल तसा. या वेळी भोंगा क्षणभरसुद्धा वाजला नाही.

"वाट लागली," सौरभ हळूच म्हणाला.

प्रोग्राम एका पानाचा. यज्ञेशच्या, म्हणजे त्राणच्या मालकाच्या, माणसांनी लिहिलेला. त्यातली मुख्य ओळ शाळेतल्या पोराला कळेल अशी: मर्यादेतून हवेतला गॅस वजा कर, म्हणजे धोक्यापर्यंत किती जागा शिल्लक आहे ते मिळेल. शिल्लक शून्य झाली की भोंगा वाजव. गॅस मर्यादेपलीकडे गेला तर? तर छोट्या आकड्यातून मोठा वजा होणार. तिच्या सिद्धतेत याचं उत्तर होतं शून्य. सिद्धता तपासणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये साधे मोजणीचे आकडे शून्याच्या खाली जातच नाहीत. तीनातून पाच गेले, उरले शून्य. त्यांच्या धंद्यात हे सगळ्यांना ठाऊक असतं, पहिल्याच वर्षी शिकवतात, आणि सगळे विसरतात. शून्य आलं म्हणजे भोंगा वाजणार, म्हणून प्रमेय सिद्ध. स्क्रीनवर हिरवी खूण.

पण डब्यातली चिप तीनातून पाच वजा करून शून्यावर थांबत नाही. तिथे आकडा मागे फिरवलेल्या मीटरसारखा गरकन फिरतो आणि सगळे नऊ दाखवतो. शिल्लक जागा प्रचंड. डब्याच्या मते जितका गॅस जास्त, तितकं धोक्याला अंतर.

"पण त्यांनी टेस्ट केली होती ना?" सौरभ म्हणाला. "खरा गॅस सोडून?"

"केली. मी होते तिथे. प्लास्टिकच्या पिशवीत डबा ठेवायचा, हळूहळू गॅस सोडायचा, वाजला की टेस्ट पास. वाजला की गॅस बंद करायचा." तिनं तोंडावर हात ठेवला. "वाजल्यावर पुढे कुणी सोडलाच नाही रे. कशाला सोडतील? सिद्ध झालेलं होतं."

सौरभ खुर्चीत बसला. त्याच्या तोंडून त्या दिवशी पुन्हा विनोद आला नाही.

सुगंधाच्या डोक्यात मात्र शनिवारची दुपार फिरत होती. डबा वाजला, लोक उतरले, डबा गप्प झाला, लोक वर गेले. गॅस ओसरला म्हणून गप्प झाला असेल. किंवा गॅस वाढला म्हणून गप्प झाला असेल. डब्याच्या बाहेर उभ्या माणसाला दोन्ही सारखंच दिसतं. आणि तीच लोकांना परत वर पाठवत होती. तिची भाषा, तिचं गणित.

*

नंदकुमार सरांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. त्यांच्या केबिनच्या खिडकीतून तलाव दिसतो. टेबलावर तिच्या प्रबंधाची प्रत, त्यात बाहेरून येणाऱ्या परीक्षकांसाठी लावलेल्या चिठ्ठ्या.

"कॉर्नर केस आहे, क्वचित घडणारी," ते म्हणाले.

"सर, गॅस जास्त होणं ही कॉर्नर केस कशी? डबा त्याचसाठी लावलाय."

"मी सिद्धतेबद्दल बोलतोय. प्रमेय खोटं नाही, सुगंधा. त्याच्या गृहीतकांत ते खरं आहे."

"डबा गृहीतकांत नाही लावलेला सर. जिन्यात लावलाय."

सरांनी चष्मा काढला. "हे बघ. तू घाबरली आहेस, व्हायवाच्या आधी सगळेच घाबरतात. गुरुवार होऊ दे. शुक्रवारी आपण तिघं बसू, यज्ञेशला व्यवस्थित समजावू, दुरुस्ती होईल. प्रबंधात एक तळटीप टाकू. 'भविष्यातील काम' मध्ये."

"आणि मध्ये गॅस सुटला तर?"

"आजपर्यंत सुटलाय?"

"परवा वाजला."

"उदबत्तीनं."

तिनं त्यांच्याकडे पाहिलं. म्हणजे सरांना माहीत होतं. यज्ञेशनं त्यांना आधीच कळवलं होतं, आणि दोघांनी उदबत्ती ठरवून टाकली होती. पुसलेला चष्मा सर पुन्हा पुसू लागले. पुढच्या महिन्यात त्यांच्या नव्या केंद्राचं उद्घाटन, त्यासाठी छापलेल्या पत्रकाच्या पहिल्याच पानावर माहुलचा डबा. सरही घाबरले होते. आजवर ती चुकली की सर न घाबरता सांगायचे, आणि त्या भरवशावर तिनं इतकी वर्षं काढली होती. आता तो भरवसाही राहिला नव्हता.

"सर, प्लीज. आज लोकांना नुसतं सांगू या. वाजून गप्प झाला तर वर जाऊ नका, एवढंच."

"एवढंच सांगितलंस की कुणीतरी विचारेल का. मग काय सांगणार? गुरुवारी बोलू. जा, झोप काढ."

बाहेर आली तोवर यज्ञेशचा फोन. सरांनी पायऱ्या उतरायची फुरसतसुद्धा दिली नव्हती. यज्ञेश सरांचा जुना विद्यार्थी, तिला पाच वर्षांनी मोठा, पहिल्या भेटीपासून अरे-तुरे.

"सुगंधा, यार, कुणाकुणाला बोललीस तू?"

"डबे बंद कर यज्ञेश."

"बंद करून काय लावू? त्या डब्यांत वायरलेस अपडेट नाहीये. एकेक उतरवून हातानं प्रोग्राम भरावा लागेल. करू ना. दिवाळीनंतरच्या मेंटेनन्सला घेतो."

"तोपर्यंत लोकांना सांग."

"काय सांगू? आमचा डबा ऐकू नका? उद्या चॅनलवाले दारात. पॅनिक झालं, जिन्यात चेंगराचेंगरी झाली, कोण जबाबदार? तू?"

"तू राहतोस त्या टॉवरमध्ये हा डबा का नाही रे लावलास?"

यज्ञेश पवईच्याच एका टॉवरमध्ये एकविसाव्या मजल्यावर राहतो. तिथे परदेशी डबे आहेत. ज्यांच्यावर प्रयोग करायचा ते नेहमी खालच्या मजल्यावर राहतात, मग इमारत कितीही उंच असो.

"गुप्ततेच्या करारावर तुझी सही आहे," तो म्हणाला. आवाज आता मित्राचा नव्हता. "बाहेर बोललीस तर डिग्री राहू दे, कोर्टात दिसशील. आणि वडिलांना पण बोलावतील हां, पत्ता त्यांचाच दिलायस."

फोन बंद झाला. कॉरिडॉरमधून पोरं कॉफीचे कप घेऊन हसत चालली होती.

तिनं मावशीला फोन लावला. रिंग वाजत राहिली. पुन्हा लावला. पुन्हा. मावशीच्या शेजारणीला लावला, तोही उचलेना. पाचव्या मजल्यावर दोन बायका, दुपारची वेळ, खिडक्या उघड्या, वारा खाडीकडून की टाक्यांकडून कोण सांगणार. तिच्या डोळ्यांसमोर तो हिरवा दिवा आला आणि त्याखालची पायरी आली. पुढचं काही तिनं डोळ्यांसमोर येऊ दिलं नाही. ती कॉरिडॉरच्या भिंतीला पाठ लावून खाली बसली आणि नंबर दाबत राहिली. शेवटी कोणीतरी उचलला.

"काय गो, आग लागली काय?" मावशी ओरडली. मागे कोळणींचा कलकलाट. "आमी दोघी बाजारात. सुरमई बघतंय, हात ओले."

सुगंधा रडायला लागली. मग रडत रडतच बोलली. डबा बिघडलाय. डब्यावर विश्वास ठेवू नको. वाजून गप्प झाला तर वर जायचं नाही. वास आला आणि हा वाजला नाही तरी खाली जायचं.

मावशीनं ऐकलं आणि हसली. "व्हायवाचो ताप इलो तुका. घरी ये, मीठमिरची ओवाळून टाकतंय."

"मावशी, मी खरं सांगतेय."

"गो, तूच सांगितलंस ना तेवा? अंगणात, माईकवर. तेवा खरा की आता खरा?"

सुगंधानं फोन ठेवला. तिनं सोसायटीच्या सेक्रेटरीला, चंद्रप्रकाशना, फोन लावला. ते पोस्टातून रिटायर झालेले, सभ्य, सावकाश बोलणारे.

"ताई, तुमचा फोन येईल असं कंपनीवाले म्हणालेच होते," ते म्हणाले. "आत्ताच ग्रुपवर मेसेज आलाय त्यांचा. वाचून दाखवू? 'वसाहतीत काही अफवा पसरवल्या जात आहेत. सर्व डबे शंभर टक्के सुरक्षित असून ते गणिताने सिद्ध झालेले आहेत. कृपया घाबरू नये.' खाली तुमचा फोटो पण आहे. तो माईकवाला."

*

मंगळवारी दुपारी सौरभनं तिला लॅबमागच्या पार्किंगमध्ये गाठलं. पिशवीत लायटरमध्ये भरायच्या गॅसचे दोन डबे होते, मालाडच्या बाजारातून आणलेले.

"चल ना माझ्याबरोबर माहुलला, लोकांना गॅस सोडून दाखवू," ती म्हणाली.

त्यानं मान खाली घातली. "माझी अजून दोन वर्षं बाकी आहेत गं. सर मला जिवंत ठेवणार नाहीत." मग म्हणाला, "प्लास्टिकची पिशवी पण टाकलीय आत. आधी सगळ्यांना शेगड्या बंद करायला लाव. तूच उडशील नाहीतर."

रिक्षात तिच्या मांडीवर ती पिशवी होती. सरांचे तीन मिस्ड कॉल. वडिलांचा एक. वडिलांना यज्ञेशनं फोन केला असेल का? घाटकोपरच्या गल्लीत त्यांनी डिग्रीच्या पेढ्यांची ऑर्डर आधीच देऊन ठेवली होती. रिक्षावाल्यानं मागे वळून विचारलं, "बाई, गॅसचा वास येतोय का हो?" पिशवीतल्या एका गॅसच्या डब्याचं टोपण सैल होतं. तिनं ते घट्ट केलं आणि नाही म्हणाली.

पाचव्या मजल्याच्या वळणावर लोक जमले. चंद्रप्रकाश डब्यासमोर आडवे उभे. "ताई, डब्याला हात लावायचा नाही असं कंपनीनं लेखी कळवलंय. मी जबाबदार आहे."

"तुम्ही जबाबदार आहात म्हणूनच बघा," सुगंधा म्हणाली. "पाच मिनिटं. मग पोलिसांना बोलवा."

"लावू दे गो हात," मावशी मागून म्हणाली. "माझी भाची आसा. आणि चंद्रप्रकाशा, डबो काय तुझ्या बापसाचो नाय."

कोणीतरी हसलं. चंद्रप्रकाश बाजूला झाले. सगळ्या शेगड्या बंद करून घेतल्या, देवघरातले दिवे विझवले, जिन्याच्या खिडक्या उघडल्या. मावशीनं स्टूल आणून दिलं. सुगंधा वर चढली, डब्यावर प्लास्टिकची पिशवी बांधली, गॅसच्या डब्याची नळी आत खुपसली आणि चंद्रप्रकाशना म्हणाली, "मोबाईलवर व्हिडिओ घ्या. मध्ये थांबवू नका."

तिनं दाबलं. बारीक फुसफुस. आणि भोंगा फुटला.

"वाजतोय!" खालच्या पायरीवरनं एक बाई ओरडली. "बघा, वाजतोय की! उगाच घाबरवत होती."

सुगंधानं बोट काढलं नाही.

भोंगा थांबला.

इतका अचानक थांबला की काहींना आपलेच कान गेल्यासारखं वाटलं. फुसफुस चालू होती. पिशवी फुगत होती. पिशवीच्या तोंडातून गॅस झिरपायला लागला, पहिल्या पायरीवरच्यांनी पदर नाकाला लावले, एक म्हातारा खोकत दोन पायऱ्या उतरला. पिशवीच्या आत हिरवा दिवा लुकलुकत होता.

तिनं गॅसचा पहिला डबा संपेपर्यंत सोडला. भिंतीवरचा डबा पुन्हा वाजला नाही.

पिशवी सोडून ती खाली उतरली. चंद्रप्रकाशच्या हातातला मोबाईल अजून चालूच होता.

"शनिवारी आम्ही पोरांना घेऊन वर आलो," ते म्हणाले.

"हो."

"हा गप्प झाला म्हणून."

"हो."

"तेव्हा गॅस गेला होता, की वाढला होता?"

"माहीत नाही."

"माहीत नाही?" ती मघाची बाई वर चढून आली. तिच्या कडेवर मूल होतं. "तुला माहीत नाही? तू माईकवर बोललीस! माझी सासू रोज उतरायला घाबरायची, मी तिला तुझं नाव सांगून थांबवत होते. पोरी, मी माझ्या पोराला याच्याखाली झोपवलंय उन्हाळ्यात!"

त्या बाईनं सुगंधाला मारलं असतं तर बरं झालं असतं, पण ती मारत नव्हती. ती मुलाचं नाक-तोंड पदरानं पुन्हा पुन्हा पुसत होती, जणू काही अजून लागलेलं आहे.

मावशी स्टुलावर बसली होती. तिनं एवढंच विचारलं, "मगे आता आमी झोपाचा कसा गो?"

लोकांची झोप सुगंधानंच आणली होती आणि आता तीच काढून घेत होती. घाबरून राहा, हेच सांगायला ती आली होती. नाकाचं ऐका, डोळे चुरचुरले की उतरा, उगाच उतरलात तर उतरलात. दुसरं काही द्यायला तिच्याकडे नव्हतं. तिनं मावशीचा हात धरला. तो गार पडला होता.

पायरीवर बसून तिनं मोबाईलवर पत्र लिहिलं. दोन्ही परीक्षकांना, सरांना, यज्ञेशला. माझ्या प्रबंधाचं मुख्य प्रमेय प्रत्यक्ष यंत्रावर खोटं आहे. उदाहरण सोबत जोडलं आहे. हे डबे आज काढायला हवेत. सोबत चंद्रप्रकाशचा व्हिडिओ. पाठवायच्या बटणावर अंगठा ठेवला तेव्हा तिला वडील दिसले, पेढ्याचं दुकान दिसलं, तळ्याकाठची ती सगळी वर्षं दिसली, आणि यज्ञेशचं कोर्ट दिसलं. अंगठा हलेना. खरंच हलेना. वरून कुणीतरी खिडकी आपटून बंद केली, त्या दचक्यात तिनं तो दाबला.

मिनिटभरात सरांचा फोन. तिनं वाजू दिला. मग यज्ञेशचा. मग पुन्हा सरांचा. मग मेसेज: 'व्हायवा पुढे ढकलली आहे. ताबडतोब ये.' तिनं तो दोनदा वाचला. मग ती उठली.

"ग्रुपवर टाकला मी व्हिडिओ," चंद्रप्रकाश म्हणाले. "कंपनीवाल्यांनी लगेच लिहिलंय, 'हा खोटा आहे, एडिट केलाय.' शेजारच्या बिल्डिंगवाले त्यांचंच खरं धरतायत. तुम्ही तिथे येता का?"

पिशवीत गॅसचा दुसरा डबा होता. एका डब्यात एक जिना. इमारती कितीतरी, गॅस एवढाच. अंगणातून जाताना तिच्या केसांना वारा लागला. तो टाक्यांच्या बाजूनं येत होता. तिनं नाकानं हुंगून पाहिलं. काही कळलं नाही. इथला वास कसा असतो हे ज्यांना कळत होतं, त्यांना तिनंच ते विसरायला लावलं होतं. ती भरभर चालू लागली.

शेजारच्या इमारतीत सगळी दारं सताड उघडी. जिन्यात पोरं पत्ते खेळत होती, वळणावर एक बाई डब्याच्या बरोबर खाली बसून लसूण सोलत होती.

"शेगडी बंद करा काकू, आणि सगळ्यांना बाहेर बोलवा," सुगंधा धापा टाकत म्हणाली.

बाईनं वर डब्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे. "का?" ती म्हणाली. "तो तर गप्प आहे."

सुगंधानं स्टूल मागितलं.